अळणी गंगा

मित्रांनो, तुमच्या देवघरात देवांच्या मागे तोंड बंद केलेला एखादा तांब्याचा गडू असेल, तर मोठ्यांना विचारून तो एकदा हातात घ्या आणि कानाशी हलवून पाहा. आत पाणी डुचमळेल. आम्हा गडवांचे बोलणे तेवढेच. मीही तसाच एक जुना गडू आहे, झाशीतला. माझे तोंड मात्र आता उघडे आहे. ते कसे उघडले, हे सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म बडा बाजारातला. तांब्याचा पत्रा ठोकला की कडक होतो. मग तो विस्तवात धरून मऊ करतात आणि पुन्हा ठोकतात. असे पुष्कळदा झाल्यावर मला पोट आले, मान आली, ओठ आले. अनंतरावांनी मला विकत घेतले. ते कचेरीत कारकून होते. त्यांचे पूर्वज पेशव्यांच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असा त्यांच्या घरचा रिवाज होता.

अनंतराव मला काशीला घेऊन गेले. घाटावर वाकून त्यांनी मला पाण्यात बुडवले. माझ्यातून बुडबुडे निघाले आणि गंगा आत आली. गढूळ होती. गाळ बसायला पुढे बरेच दिवस लागले.

आता घडले ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे त्यातूनच झाले. गंगेच्या गडूचे तोंड कथलाचा पातळ थर देऊन बंद करतात. वेळ आली की चाकूच्या टोकाने तो थर निघतो. पण अनंतराव फार काळजीचे गृहस्थ. ते तिथल्या कारागिराला म्हणाले, "भैया, ऐसा बंद करो कि सात पीढ़ी तक एक बूँद बाहर न आए."

कारागिराने माझ्या तोंडावर तांब्याची चकती बसवली आणि सगळीकडून भरपूर कथील ओतले. अनंतरावांनी मला उलटे धरून पाहिले. एक थेंबही आला नाही. ते खूश झाले. हे पाणी कधीतरी बाहेर काढायचे आहे, हे त्या क्षणी कोणाच्याही ध्यानात आले नाही.

घरी आल्यावर मावंदे झाले. काशीहून परतल्यावर घालतात ते जेवण. मला पाटावर बसवून हळदकुंकू वाहिले. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मग मला देवघरात मागच्या बाजूला ठेवले आणि नियम सांगितला: हा गडू उघडायचा तो घरातल्या कोणाच्या शेवटच्या क्षणी. तोंडात दोन थेंब घालायचे. त्याआधी त्याला जागेवरून हलवायचेही नाही.

म्हणजे मला मान मोठा होता, पण माझे काम पडू नये अशीच सगळ्यांची इच्छा होती.

घर रेल्वेच्या रुळांपासून जवळ होते. मालगाडी गेली की जमीन थरथरे आणि माझ्या पोटातले पाणी हलू लागे. ते थांबते न थांबते तोच दुसरी गाडी येई. लोक मला शांततेची वस्तू समजत आणि मी आतून सतत हलत असे.

माझ्यासमोर माणसे येऊन बसत. अनंतरावांचा मुलगा मधुसूदन परीक्षेला जाताना बसला. मोठी मुलगी लीला विधवा झाल्यावर चिरगाँवहून थोडे दिवस माहेरी आली तेव्हा बसली. ती पुष्कळ वेळ रडली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "तुझी इच्छा." आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटू लागली.  मी विचार करत राहिलो. मी काय दिले तिला? मी तर बंद होतो. माझ्यात तांबे होते, कथील होते, थोडे पाणी होते. मी काहीच दिले नाही आणि तरी ती काहीतरी घेऊन गेली. हे कोडे मला सुटले नाही.

मग अनंतरावांचा शेवट आला. ते घरीच होते, आतल्या खोलीत. दुपारी वैद्य नाडी पाहून गेले आणि म्हणाले, "अब गंगाजल दे दीजिए." मधुसूदन धावत देवघरात आला. त्याने चाकूचे टोक माझ्या तोंडाशी लावले. चाकूच वाकला. मग तो पेचकस घेऊन आला, मग पक्कड, मग हातोडी. घामाने त्याची पकड सुटत होती. एक घाव चुकून माझ्या खांद्यावर बसला आणि तिथे खोल पोचा पडला. "उघड रे, उघड," असे तो म्हणत होता. मला त्या घावांशिवाय काही ऐकू येत नव्हते. मी उघडलो नाही.

तेवढ्यात त्याची बायको शकुंतला देवघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात नळाच्या पाण्याची वाटी होती आणि तीत तुळशीचे पान. ती म्हणाली, "अहो, ठेवा ते खाली. मामंजी गेले."

त्या दिवसापासून मधुसूदनने माझ्याकडे पाहणे सोडले. रोज पूजा करताना तो सगळ्या देवांना गंध लावी आणि माझ्यापाशी आला की हात मागे घेई. माझ्यावर एक लाल फडके टाकलेले असे. आपले वडील तहानलेले गेले, आपल्या हातून दोन थेंबही झाले नाहीत, हे त्याच्या मनात रुतून बसले होते. लीलाताई त्याला समजावत, "अरे मधू, नशिबात नव्हतं." त्यांना त्या वाक्याचा आधार होता. त्याला नव्हता. एकच वाक्य एकाला उभे करते आणि दुसऱ्याला टोचत राहते, हे मी देवघरात बसून पाहिले.

नियम मोडून मला खाली उतरवून घासणारी फक्त शकुंतला. दिवाळीच्या आधी ती चिंच लावून मला लख्ख करी. पोच्यापाशी आली की तिचा हात हलका होई.

वर्षे गेली. मधुसूदनराव निवृत्त झाले. त्यांची मुलगी नीरजा मुलींच्या इंटर कॉलेजात, म्हणजे बारावीपर्यंतच्या शाळेत, केमिस्ट्री शिकवू लागली. लीलाताई कायमच्या याच घरात राहायला आल्या. आणि शकुंतलाबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

मित्रांनो, किडनीचे काम रक्त गाळण्याचे. नको असलेले पाणी आणि क्षार ती लघवीवाटे बाहेर टाकते. ती थांबली की हे काम मशीनकडून करून घ्यावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. शकुंतलाबाईंना ठरलेल्या दिवशी ऑटोने दवाखान्यात जावे लागे आणि तिथे तासन् तास पडून राहावे लागे. पण सगळ्यात मोठा त्रास दुसराच होता. प्यायलेले पाणी शरीराबाहेर जाणार नाही, म्हणून पाणी कमी प्यायचे. जास्त झाले की पायांना सूज येते, श्वास लागतो, हृदयावर भार येतो. नीरजा रोज सकाळी एका लहान बाटलीत मोजून पाणी भरी. दिवसभराचे पाणी तेवढेच. वरण त्यातलेच, औषधाचा घोटही त्यातलाच. जेवणात मीठही नाही, कारण मिठाने तहान वाढते.

आणि तुम्हाला झाशीचा उन्हाळा माहीत आहे का? दुपारी भिंतसुद्धा हाताला चटका देते.

शकुंतलाबाईंचा पलंग देवघराला लागून होता. त्या गुळण्या करायच्या आणि हळूच एखादा घोट गिळून टाकायच्या. नीरजा ते ओळखायची. तिच्या तोंडी घरातही मधूनमधून हिंदी येई.

"आई, गिळलंस?"

"नाही गं."

"गला हिला था, मैंने देखा."

"मग बघत कशाला बसतेस? शाळेतल्या मुली कमी पडतात का?"

नीरजा हसायची आणि बाटलीतले तेवढे पाणी कमी करायची. तिचे प्रेम असे होते. मिलिलिटरमधले.

एका दुपारी लीलाताई पोथी वाचत बसल्या होत्या. शकुंतलाबाई पडल्या पडल्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "वन्सं, हे सगळं ऐकून तुम्हाला बरं वाटतं?"

"वाटतं तर! मनाला थंडावा मिळतो."

"मला घशाला हवाय."

"अगं, नाम घे. नामानं तहानही हरते म्हणतात."

"म्हणणाऱ्याला पाणी मिळत असेल." शकुंतलाबाई उठून बसल्या. "नीरजा, तो गडू इकडे आण गं. त्याच्यातलं पाणी मला दे."

लीलाताईंच्या मांडीवरची पोथी मिटली. "शकुंतले! काय अभद्र बोलतेस भरल्या दुपारी?"

"पाणी मागतेय. त्यात अभद्र काय?"

"ते पाणी कधी देतात माहीत आहे ना?"

"माहीत आहे. जीभ लाकडासारखी झाली की. तेव्हा मला काय कळणार आहे? माझ्या वतीनं चव तुम्ही घेणार का?"

"मधू, ऐकतोयस ना तुझ्या बायकोचं?"

मधुसूदनराव दारात उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "तो विषय नको," एवढेच म्हणून ते अंगणात गेले आणि कुंड्यांना पाणी घालू लागले. भर उन्हात. खिडकीतून शकुंतलाबाई त्या धारेकडे पाहत राहिल्या.

गडू मागणे म्हणजे मरण मागणे, अशी त्या घराची समजूत. त्यामुळे त्या 'पाणी' म्हणाल्या आणि सगळ्यांनी 'निरोप' असे ऐकले. मला मात्र भीती वाटली ती वेगळीच. हिला माझ्याकडून काय हवे आहे? माझ्याकडे ते आहे का?

नंतर मशीनचा दिवस आला. बाहेर ऑटोवाला हॉर्न देऊ लागला. शकुंतलाबाई उठल्याच नाहीत.

"त्याला सांगा, आज नाही."

"बरं नाही का?" मधुसूदनरावांनी विचारले.

"बरं कधी असतं? गडू उघडा, मग येते."

"अगं, हा काय हट्ट!" लीलाताई म्हणाल्या. "मरायची एवढी घाई?"

"घाई असती तर गडू कशाला मागितला असता, वन्सं? चार खेपा मशीनवर गेले नाही की झालं काम. मला मरायचं नाहीय. मला ते पाणी प्यायचंय. जिवंतपणी."

नीरजाने दवाखान्यात फोन लावला. पलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, "आज की पाली छूटी तो कल सुबह पहली पाली में ले आइए मैडम. इससे ज़्यादा मत टालिए, साँस चढ़ जाएगी." तिने फोन ठेवला. आईच्या घोट्यावर बोट दाबून पाहिले. खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिने वडिलांकडे पाहिले.

"बाबा, ही खरंच जाणार नाही. हिला मी ओळखते."

मधुसूदनराव खुर्चीवर बसले. "माझ्या हातून तो उघडत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला त्या जुन्या दुपारनंतर प्रथमच इतका जवळून ऐकू आला. "आणि उघडला, आणि तू... मग मी काय करू?"

"हातानं नका उघडू. बाजारात न्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि मी उद्या पहाटे ऑटोत बसते. शब्द देते."

मधुसूदनरावांनी माझ्यावरचे लाल फडके काढले. मला टॉवेलात गुंडाळले. काशीहून आल्यापासून मी प्रथमच उंबरा ओलांडला. ऑटोवाला अजून बाहेरच होता.

"माताजी नहीं आ रहीं?"

"आज ये जाएगा," मधुसूदनराव म्हणाले आणि मला मांडीवर घेऊन बसले.

बडा बाजारात आता स्टीलची आणि प्लास्टिकची दुकाने जास्त. पण तांब्याची दोन-चार आहेत. ज्या म्हाताऱ्या ताम्रकाराकडे आम्ही गेलो, त्याने मला पाहताच हातातली बिडी खाली ठेवली.

"राम राम. कौन गुज़र गया, भैया?"

"कोई नहीं. मेरी घरवाली को प्यास लगी है."

म्हातारा गोंधळला. "तो नल का पिलाइए. फ्रिज नहीं है का घर में?"

"उसे यही चाहिए."

"बीमार हैं?"

"हाँ. पर वैसी नहीं."

म्हाताऱ्याने मला हातात फिरवले. तोंडावरची चकती पाहून तो हसू लागला. "अरे दादा रे! ये किसने बंद किया? गंगाजी को कैद कर दिया, जमानत भी नहीं दी!" मधुसूदनरावांना हसू आले नाही. मग त्याने माझ्या तोंडाशी ज्योत धरली. कथील लवकर वितळते, तांब्याच्या कितीतरी आधी. ते चमकले, सैल झाले, आणि त्याने चिमट्याने चकती उचलली. इतकेच काम होते. बळाचे नव्हतेच ते, उष्णतेचे होते. मधुसूदनराव त्या चकतीकडे पाहत उभे राहिले. वडील गेले त्या दुपारी घरात शेगडी पेटलेली होती. हे त्यांना आठवले असावे, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले.

मित्रांनो, माझ्यात हवा आली. इतक्या वर्षांनी. मला वाटले होते, सुटल्यासारखे वाटेल. तसे काही झाले नाही. आतले पाणी उघड्यावर आले आणि मला आणखीच अस्वस्थ वाटू लागले.

घरी नीरजाने मला खिडकीपाशी नेले. आत बोट घातले नाही, नुसते वाकून पाहिले आणि वास घेतला. पाणी स्वच्छ दिसत होते, पण कडेने हिरवट-निळे वलय होते. तिने मान हलवली.

"आई, ये पीने लायक नहीं है."

"गंगा कधी खराब होत नाही," लीलाताई म्हणाल्या. सकाळी उघडायलाच विरोध करणाऱ्या त्या, आता उघडल्यावर माझ्या बाजूने उभ्या राहिल्या.

"गंगा होत नसेल, आत्या. तांबं होतं. इतक्या वर्षांत ते पाण्यात उतरलंय. आणि या कथलात शिसं असतं. निरोगी माणसाला मी देणार नाही, आईला तर मुळीच नाही."

शकुंतलाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. त्यांचा श्वास आता थोडा वर-वर चालला होता. आधी देवाच्या नियमाने नाही म्हटले होते, आता विज्ञानाने नाही म्हटले. दोघेही आपापल्या जागी त्यांच्या भल्याचेच बोलत होते.

मग भिंतीकडे पाहतच त्या म्हणाल्या, "नीरजा, तू मुलींना काय शिकवतेस गं दिवसभर? घाण पाणी साफ करता येत नाही तुला?"

नीरजा उभी राहिली. तिने मला पुन्हा टॉवेलात गुंडाळले.

कॉलेजची प्रयोगशाळा त्या दुपारी रिकामी होती. तिने काचेची सगळी भांडी धुतली, मग पुन्हा धुतली. माझ्यातले पाणी गोल बुडाच्या चंबूत ओतले आणि खाली बर्नर लावला. पाणी उकळले. वाफ वर गेली, थंड पाण्याने वेढलेल्या नळीत शिरली आणि पलीकडे थेंब थेंब उतरू लागली. तांबे आणि शिसे वाफ होऊन जात नाहीत. ती चंबूतच राहतात. तुम्ही हा प्रयोग पुस्तकात पाहिला असेल.

सुरुवातीचे थेंब घ्यायचे नसतात. नीरजा देवाला मानत नाही. घरात आरती चालू असली की ती कपडे वाळत घालते. पण ते पहिले थेंब ती बेसिनमध्ये ओतायला गेली आणि थांबली. मग व्हरांड्यात जाऊन तिने ते एका कुंडीत घातले. नंतर सगळा वेळ ती चंबूपाशी उभी होती. स्टूल शेजारीच होते. ती बसली नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. देवघरात माझ्यासमोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांसारखाच तो दिसत होता, पण तिला तसे सांगितले असते तर ती रागावली असती.

ती परतली तेव्हा ऊन उतरले होते. बाटली पाहून लीलाताईंनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे गंगा उकळलीस तू?"

"हो."

"आणि वाफ केलीस?"

"हो, आत्या."

"मग गंगा राहिली कुठे त्यात? वाफ झाली म्हणजे संपलं सगळं!"

पलंगावरून शकुंतलाबाई म्हणाल्या, "वन्सं, गंगा आली कुठून? आकाशातूनच ना? मग वाफेला काय घाबरायचं? माहेरी जाऊन आली ती."

 लीलाताई स्वतःच उठून चांदीचा चमचा घेऊन आल्या.

मधुसूदनरावांनी चमचा भरला. नीरजाने खालून वाटी धरली. सगळे शकुंतलाबाईंच्या तोंडाकडे पाहत होते. मी पलंगाशेजारच्या स्टुलावर होतो. माझ्या सगळ्या आयुष्याचे काम त्या चमच्यात होते. त्यांनी पाणी तोंडात घेतले, थोडा वेळ धरले आणि गिळले.

"कसं लागलं?" मधुसूदनरावांनी विचारले.

शकुंतलाबाईंनी जीभ टाळूला लावून पाहिली. "कसलंच नाही," त्या म्हणाल्या. "अळणी. माझ्या जेवणासारखीच. अळणी गंगा!" आणि त्या खोकत खोकत हसू लागल्या.

बाकी कोणी हसले नाही. नीरजाची मान खाली गेली. शुद्ध पाण्याला चव नसते, हे तिला ठाऊक होते. तिने ते आधी सांगितले नव्हते.

"तहान गेली?"

"चमचाभर पाण्यानं? नाही हो."

"मग हे सगळं कशासाठी, शकुंतला?" मधुसूदनरावांचा आवाज चढला. "मशीन चुकवलंस, पोरीला पळवलंस, मला तिथे बाजारात... कशासाठी?"

शकुंतलाबाईंनी त्यांचा हात धरला. चमच्यासकट.

"मामंजी गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ होते," त्या म्हणाल्या. "ते पाणी मागत नव्हते. मी दिलं तेही त्यांनी घेतलं नाही. ते तुम्हाला हाक मारत होते. 'मधू कुठाय, मधू कुठाय,' एवढंच. आणि तुम्ही देवघरात पक्कड घेऊन होतात."

मधुसूदनरावांनी मान वर केली.

"तू कधी बोलली नाहीस."

"कसं बोलणार होते? त्यांना पाणी मिळालं नाही म्हणून तुम्ही झुरत होतात. तुम्ही मिळाला नाहीत, असं सांगितलं असतं तर?" त्यांना दम लागला. त्या थांबल्या. "पण आता माझी पाळी येईल. आज नाही, उद्या नाही, पण येईल. तेव्हा तुम्ही पुन्हा त्या गडूशी झटत बसाल, आणि मी इथे हाका मारीन. ते मला नको होतं. म्हणून म्हटलं, आधीच उघडून घ्या. प्या, पाजा, काय ते होऊन जाऊ दे. माझ्या वेळी तुम्ही इथं बसा. या खुर्चीत."

मधुसूदनरावांच्या हातातला चमचा खाली पडला. ते रडले. म्हातारा माणूस रडतो तसे, आवाज न करता, खांदे हलवून. लीलाताई 'देवाची इच्छा' म्हणाल्या नाहीत. त्या नुसत्या भावाच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मला ते पाहवत नव्हते. वडील तहानलेले गेले नाहीत, हे कळून त्यांना दिलासा मिळाला असेल का? की ते हाक मारत होते, हे कळून नवे दुःख? बहुधा दोन्ही. नंतर कितीतरी दिवस ते मध्येच काम थांबवून उभे राहत.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाई दिलेल्या शब्दाप्रमाणे ऑटोत बसल्या. सुजेने चपला पायात जात नव्हत्या, म्हणून अनवाणीच. मधुसूदनराव पूर्वी दवाखान्याच्या बाकावर पेपर वाचत बसत. त्या दिवसापासून ते आत मशीनपाशी खुर्ची ओढून बसतात. तसे नीरजाने सांगितले. बोलत काही नाहीत म्हणे. बसतात.

उरलेले शुद्ध पाणी आता एका काचेच्या बाटलीत आहे. बाटलीला बूच आहे, ते बोटाने निघते. लीलाताईंनी बाटलीवर कुंकू लावले आणि कोणाला न विचारता ती पलंगाच्या उशाशी ठेवली, देवघरात नाही. मी खिडकीत आहे, रिकामा. नीरजाने बजावले आहे की माझ्यात पिण्याचे पाणी भरायचे नाही. मला आता कोणी नमस्कार करत नाही. घासतही नाही, घासणाऱ्या हातात ताकद उरलेली नाही. मी काळा पडू लागलो आहे.

मित्रांनो, श्रद्धेने दुःखी माणसाला आधार मिळतो का, असे तुम्ही मला विचाराल. मी इतकी वर्षे देवघरात बसलो, तरी मला छातीठोक उत्तर देता येत नाही. लीलाताईंना तो मिळाला, हे मी पाहिले आहे. मधुसूदनरावांना माझ्यामुळेच निम्मे आयुष्य टोचणी लागली, हेही पाहिले आहे. शकुंतलाबाईंना काय मिळाले, ते त्याच जाणोत. एक विनंती मात्र करतो. तुमच्या घरात कोणी आजारी असेल, तर त्याच्यासाठी पवित्र काय आणि योग्य काय, हे ठरवण्यात गुंतून दुसऱ्या खोलीत अडकून पडू नका. जवळ जाऊन बसा आणि त्याला काय हवे आहे ते त्यालाच विचारा. आणि आम्हाला, वस्तूंना, इतके घट्ट बंद करू नका.

आज मशीनचा दिवस आहे. परतायची वेळ केव्हाच होऊन गेली, ऑटो अजून आलेली नाही. सोबत गेलेल्या नीरजाचा फोन लागत नाही. लीलाताई पुन्हा माझ्या खिडकीपाशी येऊन उभ्या राहिल्या आहेत. त्यांच्या ओठांवर देवाचे नाव आहे आणि डोळे रस्त्यावर.